छतावरचा बर्फ आणि तुरीचा फुलोरा

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीच्या फराळाला एका उत्साही गृहस्थांनी माझी ओळख करून दिली ती अशी : "या काकांनी बर्फाच्या वादळात रात्रभर जागून, एकट्याने, काचेचं अख्खं ग्रीनहाऊस वाचवलं." टाळ्या झाल्या. मी चकलीची ताटली खाली ठेवली आणि उभ्या उभ्या दुरुस्त्या सांगितल्या. रात्र नव्हती, सकाळ होती. वादळ नव्हते, वारा नावालाही नव्हता. आणि ते घर काचेचे नव्हते. काचेचे असते तर हा प्रसंगच उद्भवला नसता. गृहस्थ हसून म्हणाले, "काका फार मॉडेस्ट आहेत."

मी विनम्र नाही. मला ओळखणारा कोणीही हे शपथेवर सांगेल. माझ्या नावावर फुकटचे शौर्य जमा झालेले मला चालत नाही, तसाच फुकटचा ठपकाही चालत नाही. आणि या एका प्रकरणात दोन्ही माझ्या वाट्याला आले आहे. सुनेने पुढे होऊन माझ्या हातात चहाचा कप दिला. आमच्या घरात याचा अर्थ, आता खाली बसा, असा होतो. मी बसलो. पण घरी आल्यावर लिहायलाच बसलो.

नोकरीची बहुतेक वर्षे मी उत्तरेकडे, मोठ्या सरोवरांच्या वरच्या अंगाला, कॅनडाच्या सरहद्दीजवळच्या एका विद्यापीठात संशोधनासाठी असलेल्या हरितगृहांचा व्यवस्थापक होतो. तिकडे हिवाळा येत नाही, मुक्कामाला राहतो. बाहेर तळी अशी गोठतात की माणसे त्यांवरून गाड्या नेतात, आणि आत ऊस, केळी, भात, तूर वाढवायची असते. संशोधकाला झाड हवे असते. ते झाड ज्या हवेत जगेल ती हवा तयार करणे हे आमचे काम. हवा चांगली असली की कोणाच्या ध्यानात येत नाही. बिघडली की सगळे व्यवस्थापकाला शोधत येतात.

जुनी घरे मी तिथे रुजू होण्याच्या पुष्कळ आधीची होती. लोखंडी सांगाडा, एकेरी काच, काचेच्या कडांना लांबी, म्हणजे पुट्टी. लांबी वाळून तिचे पापुद्रे पडत आणि एखादी काच सुटून टेबलावर येई. उष्णता वाफेच्या नळांची. वाफेला मधले काही कळत नाही. झडप उघडली की आग, मिटली की काहीच नाही. नळाजवळची पाने करपत आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुंडीतली माती थंडगार राही. एका टेबलावर दोन ऋतू. अशा टेबलावर दोन वाणांची तुलना करून कोणी शोधनिबंध लिहिला की मला त्या निबंधाची कीव येई. ही घरे पाडा आणि नवी बांधा, हे वरिष्ठांना सर्वांत आधी सांगणारा मी होतो, आणि ते मी बैठकीमागून बैठकीत सांगत राहिलो. इतके, की माझी पाळी आली की काहीजण कॉफी आणायला उठत.

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण आमच्या संचालिका. बाई अमेरिकी, वनस्पतिशास्त्रात नावाजलेल्या, कर्तबगार, आणि एकदा उच्चारलेला शब्द मागे घेण्याची सवय नसलेल्या. या शेवटच्या बाबतीत आम्ही एका माळेचे मणी. माझ्या निरोपसमारंभात त्यांनी प्रेमाने सांगितले की प्रत्येक संस्थेत जुन्या पद्धतीवर जीव असलेला एक माणूस असतो, आणि त्याला नव्या युगात आणताना थोडा धीर धरावा लागतो. सगळे माझ्याकडे पाहून हसले. केक कापण्याच्या वेळी वाद घालणे बरे दिसत नाही, असे माझ्या पत्नीचे मत. माझे तसे नाही. नव्या घराची मागणी कोणाची होती, हे मी सुरी हातात असतानाच सांगितले.

मात्र जुन्या घराचा एक गुण मी नेहमी मान्य करतो, जरी तो त्याच्या दोषातूनच आलेला होता. काच एकेरी, म्हणून आतली उष्णता वर निसटून जाई. आणि निसटता निसटता छतावरचा बर्फ वितळवून टाकी. बर्फ पडतो आणि छत त्याची वासलात लावते, हे आम्ही इतके गृहीत धरले होते की हिवाळ्यात मान वर करून छताकडे पाहण्याची सवयच आमच्यापैकी कोणाला नव्हती.

नवे घर दुपदरी ॲक्रिलिकच्या तक्त्यांचे. दोन उतरती छपरे शेजारी शेजारी, आणि ती जिथे मिळतात तिथे लांबच लांब पन्हळ. टेबलांखालून गरम पाण्याचे नळ. सोडियमच्या दिव्यांच्या जागी एलईडी. आणि डोक्यावर, छपराच्या कैच्यांच्या पातळीला, आडवा सरकणारा एक उष्णतारोधक पडदा, चंदेरी पट्ट्यांचा. तो ओढून घेतला की झाडांची ऊब खालीच राहते आणि पडद्यावरची, छताजवळची हवा बर्फासारखी गार होते. कडाक्याच्या थंडीत तो दिवसाही ओढलेलाच असे. इंधनाची बचत याच पडद्यामुळे होते. त्याची मागणीही माझीच होती, हे जाता जाता नोंदवतो.

सगळा कारभार संगणकाकडे. त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा तरुण इंजिनिअर मूळचा नागपूरचा आणि राहणारा ॲरिझोनातल्या चँडलरचा. आधी तो चिप बनवणाऱ्या कारखान्यांमधली हवा सांभाळायचा; तिथून तो आमच्या हवेकडे वळला. कामाच्या फोनवर मी कोणालाही एकेरीत संबोधत नाही. तो मात्र पहिल्या वाक्यापासून मला काका म्हणू लागला, आणि कारखान्यात धुळीचा कण चालत नाही नि तुमच्याकडे मातीच भरलेली, यार, असे म्हणून स्वतःच हसला. मला तो आवडला. त्याचे काम चोख होते. जे चुकले ते त्याच्या आळसाने चुकले नाही, भूगोलाने चुकले.

आता जिच्यामुळे हे सगळे लक्षात राहिले, ती. मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयातून आलेली ही मुलगी आमच्याकडे पीएच.डी. करत होती. विषय तुरीचा. आपल्या शेतातल्या तुरीचा एका रानतुरीशी संकर करायचा आणि रानातला काटकपणा शेतातल्या वाणात उतरवायचा. रानतूर दिवस आखूड झाल्याशिवाय फुलत नाही. म्हणजे वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. रोज सकाळी ही मुलगी चिमट्याने कळी उकलायची, परागकण लावायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायची. नराच्या वाणाप्रमाणे दोऱ्याचा रंग. मी जाता जाता विचारीत असे, आज कोणाची वरात? "पिवळ्या दोऱ्याची, काका," ती मान वर न करता म्हणे, "पण नवरी रुसलीय." बहुतेक फुले रुसतच. दोन जातींचे सहजासहजी जमत नाही. फुले गळतात, क्वचित एखादी शेंग धरते.

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्यांच्याबरोबर प्रयोगशाळाही बंद होणार होती. हा हिवाळा वाया गेला तर पुढच्या हिवाळ्यात तिला विचारणारे कोणी नव्हते. त्या फुलोऱ्यावर तिची पदवी अवलंबून होती, आणि हे इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. हे मुद्दाम लिहितो. कारण मला बिचाऱ्याला ते माहीतच नव्हते, असे पुढे काहींनी माझ्या बाजूने सांगितले. असला बचाव मला नको.

नव्या घरात आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिची झाडे मंदावली. हवेचे तापमान तंतोतंत जुन्याइतके, तरी कळ्या धरेनात. बी कमजोर निघाले असे तिला वाटले, आणि संचालिकांना वाटले की पाणी जास्त होते आहे. मी पान बोटांत धरून पाहिले. सोडियमचे दिवे प्रकाशाबरोबर पानाला शेकही देत. एलईडीचा प्रकाश थंड. हवा उबदार आणि पान गार. तापमान थोडे वाढवून घेतले आणि झाडे पंधरवड्यात फुलोऱ्यात आली. त्या दिवशी ती घरून डब्यात शेंगदाण्याची पोळी घेऊन आली. तेव्हापासून आमच्यात एक विश्वास होता, आणि पुढे मोडला तो हाच.

जानेवारीत कडक थंडीची लाट आली आणि तिच्यातच बर्फ सुरू झाला. बारीक, संथ, पिठासारखा कोरडा. तो थांबलाच नाही. पहिल्या दिवशी संचालिका काही पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. अंगणात उभे राहून त्यांनी दोन छपरांकडे बोट दाखवले. एक जुने काचघर अजून पाडायचे होते. त्याचे छत काळे आणि ओले, त्यातून वाफ निघत होती. शेजारी नव्या घरावर पांढरी शुभ्र गादी. जुन्या घरातून किती उष्णता वाया जाते पाहा, आणि नव्या छतावर बर्फ जसाच्या तसा आहे, म्हणजे आमची ऊब आतच राहिली, असे त्यांनी समजावून सांगितले. पाहुण्यांनी फोटो घेतले. छतावर साचलेल्या बर्फाचे कौतुक फक्त आम्हीच करू शकतो. आयुष्यभर गळक्या घरांत काम केलेल्या माणसांना पांढरे छत हे प्रशस्तिपत्र वाटते. त्याला वजन असते, हे सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आलो तेव्हा गादी उरली नव्हती, गढी झाली होती. दोन छपरांमधली पन्हळ दिसेनाशी होऊन तिच्या जागी सपाट पांढरे मैदान झाले होते. आत गेलो. पडदा ओढलेला, दिवे लागलेले, तूर फुललेली. वर काय आहे याचा आत पत्ता नव्हता. पन्हळीखालून मागच्या बाजूला उघडणारे दार मी ढकलले. एरवी ते तळहाताने उघडते. त्या दिवशी त्याला जोर लावावा लागला. दाराची चौकट वरून किंचित दबली होती.

मी चँडलरला फोन लावला. बर्फ पडू लागला की पडदा आपोआप उघडावा, आतली ऊब छताला लागून बर्फ वितळावा आणि पन्हळीखालचा नळ तापावा, अशी योजना प्रोग्रॅममध्ये होती. ती का चालली नाही, हे विचारले.

"काका, सिस्टीम तर बाहेर ड्राय दाखवतेय."

"मी खिडकीत उभा आहे. मला माझी गाडी दिसत नाही."

"पण रेन झीरो आहे."

"पाऊस नाहीच. बर्फ आहे. तुमच्या सेन्सरने त्याची टोपी घातली आहे."

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग हळू आवाजात, "अरे यार."

त्याच्या लगेच लक्षात आले. तो सेन्सर ओल्याने जागा होणारा. चँडलरमध्ये आकाशातून क्वचित जे काही पडते ते ओलेच पडते. आमच्याकडे त्या थंडीत बर्फ सेन्सरवर येऊन बसला आणि पिठासारखा बसूनच राहिला. वितळला नाही, ओला झाला नाही. व्यवस्थापकाने सेन्सर आधी तपासला कसा नाही, असे नंतर विचारले गेले. तपासला होता. ऑक्टोबरमध्ये, संचालिकांच्या समक्ष, झारीने पाणी ओतून. आणि तो उत्तम चालला होता.

इंजिनिअर म्हणाला, थांबा, मी इथूनच फोर्स करतो, एका क्लिकचे काम आहे. त्याच्या क्लिकने पडदा एका दमात पूर्ण उघडला असता, आणि पडद्यावर साठलेली सगळी गार हवा जड असल्यामुळे सरळ झाडांवर कोसळली असती. मी त्याला हात लावू नका म्हणून सांगितले. पडद्याच्या मोटारीच्या पेटीवर हाताने चालवण्याची कळ होती. तिच्या कुलपाची किल्ली माझ्या जुडग्यात होती; वापरायची मात्र संचालिकांच्या परवानगीने, कारण पहिल्या हिवाळ्याचे इंधनाचे आकडे मोजले जात होते आणि त्यात माणसाचा हस्तक्षेप नको होता.

संचालिका त्या दिवशी राज्याच्या राजधानीत बैठकीला होत्या. फोनवर त्यांनी मला धीर धरायला सांगितले. बांधकाम कंपनीचा माणूस दुपारी येणार आहे, त्याला पाहू द्या. आणि असा कोरडा बर्फ हलका असतो. मी म्हणालो, पीठही हलकेच असते, पोते भरून डोक्यावर घेऊन पाहा. ही म्हण इंग्रजीत त्यांना पोहोचली नसावी. त्यांनी पुन्हा दुपार म्हटले आणि फोन ठेवला.

याच वेळी ती मुलगी पुढच्या दाराने, मुख्य इमारतीकडून येणाऱ्या जोडमार्गातून आत आली. हातात चिमटा आणि दोऱ्यांचा डबा. पडदा उघडावा लागणार, असे मी तिला सांगितले. तिने डबा टेबलावर ठेवला.

"आत्ता नको, काका. कालची आणि परवाची सगळी फुलं कच्ची आहेत. एक गार झुळूक आली तरी गळतील."

झाडे हलवता येण्यासारखी नव्हती. तूर माणसाच्या उंचीची झाली होती आणि जोडमार्गात उष्णता नव्हती. मी तिला दाराचे सांगितले. नाही सांगितले, असे ती म्हणते, मी सांगितले. तिने प्लास्टिकची कापडे आणून झाडे झाकण्याचे सुचवले. झाकून होईपर्यंत थांबा, इतकेच तिचे मागणे होते, आणि मी "आण" म्हणालो. ती भिंतीपलीकडच्या सामानखोलीत गेली.

ती गेल्यावर मी मागचे दार पुन्हा ढकलून पाहिले. खांदा लावला. ते हलले नाही. वर पन्हळीच्या सांध्यात एक आवाज झाला. मोठा नव्हे, जड कपाटाचा पाय फरशीवर सरकावा तसा.

मंडळातले गृहस्थ इथे मला धावायला लावतात. मी धावलो नाही. आधी टेबलांखालचे पाणी पूर्ण तापवायला लावले, म्हणजे खालून ऊब चढेल. मग कुलूप काढले, कळ हाताने चालवण्याच्या खुणेकडे वळवली आणि पडदा बोटभर उघडला. थांबलो. आणखी बोटभर. थंडी खाली येताना दिसत नाही, पण डोक्यावर पाणी ओतावे तशी जाणवते. टक्कल असलेल्या माणसाला अधिक. फट पडली ती नेमकी रानतुरीच्या टेबलावर, कारण पडदा त्याच बाजूने उघडतो. ती मी निवडलेली बाजू नव्हती.

ती परत आली तेव्हा पडदा हातभर उघडलेला होता. प्लास्टिकचे कापड दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून ती त्या टेबलाशी उभी राहिली, आणि मी दुसऱ्या टोकाने कळ चालवत राहिलो. बऱ्याच वेळाने छपरावरून बर्फाची पहिली लादी घसरली. पन्हळीतून पाणी वाहू लागल्याचा आवाज आला. दुपारी बांधकाम कंपनीचा माणूस आला तेव्हा मागचे दार पुन्हा तळहाताने उघडत होते.

पुढच्या तीन-चार दिवसांत त्या टेबलावरची फुले गळली. खाली सिमेंटवर पिवळी फुले, आणि प्रत्येकाच्या देठाला अजून दोरा. ती मुलगी ती वेचून रंगांप्रमाणे वेगळी करत होती. नोंदीला आवश्यकच होते ते. मी जवळून गेलो. तिने मला "गुड मॉर्निंग, सर" म्हटले. तोपर्यंत तिने मला कधी सर म्हटले नव्हते.

आता इतरांची म्हणणी. संचालिकांचे म्हणणे असे की छताला काही होणार नव्हते. ते याहून अधिक भार पेलण्यासाठी बांधलेले आहे, आणि एका कर्मचाऱ्याने घाईने हस्तक्षेप केल्यामुळे एका विद्यार्थिनीचा फुलोरा गेला. बांधकाम कंपनीच्या माणसाला पन्हळ धरणारे दोन पोलादी कंस वाकलेले आढळले. मी म्हणालो, पाहा. त्या म्हणाल्या, बसवतानाच वाकले असतील. आधी कोणी पाहिले नव्हते, तेव्हा त्याचा निकाल लागत नाही. मात्र चौकट कंसासारखी नसते. सकाळी जोर लावून उघडणारे दार तासाभरात खांद्यालाही बधत नाही, ते बसवतानाच्या चुकीने नव्हे. आणि छत बसले असते तर फुलेच नव्हे, दुसऱ्या टेबलावर धरलेल्या शेंगाही गेल्या असत्या, आणि त्याखाली आम्ही दोघे होतो. चँडलरच्या इंजिनिअरने तो सेन्सर काढून पन्हळीवर वजन मोजणारे उपकरण बसवून घेतले आणि पडदा टप्प्याटप्प्याने उघडण्याची सोय केली. या प्रकरणात स्वतःचे म्हणणे बदलणारा तो एकटाच. मी त्याला मागाहून एकेरीत हाक मारू लागलो.

शेंगा मार्चमध्ये वाळल्या. आधी धरलेल्या, दुसऱ्या टेबलावरच्या. एका दुपारी तिने मला बोलावले. शेंग तडकली तर दाणे उडतात, म्हणून कोणीतरी खाली पाकीट धरावे लागते, आणि तिचे सहकारी जेवायला गेले होते. असे तिने सांगितले. मी पाकीट धरले. लाल दोऱ्याच्या शेंगांत दाणे होते, काही पोचट, काही भरलेले. पिवळ्या दोऱ्याची एकही शेंग नव्हती. त्या वाणाचा सगळा संकर त्या टेबलावर होता.

काम चालू असताना तीच बोलली.

"तुम्ही माझी वाट पाहिली नाहीत."

"दार अडकलं होतं."

"हाक तरी मारायची. मी भिंतीपलीकडे होते."

"हाक मारली असती तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"आणि मी उघडलाच असता."

तिने एक शेंग पाकिटात टाकली. "उघडायचा होतात ना. पण झाडं माझी होती, काका. नको म्हणायची पाळी माझी होती. तीसुद्धा तुम्हीच घेतलीत."

मी तिला पुन्हा चौकटीचे, सांध्यातल्या आवाजाचे, खांद्याचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि पुढची शेंग तोडली.

लाल दोऱ्याचे दाणे उगवले. पानांवरून आणि पुढच्या चाचण्यांवरून तो खरा संकर ठरला. पिवळ्या दोऱ्याचे प्रकरण प्रबंधातून वगळावे लागले. त्यात ती ज्या कीडरोधक गुणाच्या मागे होती, तो तिला मिळाला नाही. राहिलेल्यावर तिला पदवी मिळाली, मार्गदर्शक निवृत्त होण्याच्या आधी. फुलोरा गेला म्हणून तिचे शिक्षण बुडाले, असे जे सांगतात ते खोटे सांगतात. काहीच गेले नाही, असे मी सांगितले तर तेही खोटे ठरेल, म्हणून तसे मी कधी सांगितलेले नाही.

आता ती दुसऱ्या राज्यात, स्वतःची प्रयोगशाळा चालवते आणि तिच्याकडे स्वतःचे विद्यार्थी आहेत. त्यांना ती हा प्रसंग सांगते. हे मला तिच्याकडूनच कळले. तिच्या सांगण्यात दाराचा उल्लेख नसतो, असे मी तिला फोनवर म्हटले. माझ्या मंडळातल्या गोष्टीत तिचा उल्लेख नसतो, असे ती म्हणाली. गोष्ट माझी नाही, त्या गृहस्थांची आहे, हे मी स्पष्ट केले, आणि खरी हकिकत मी लिहायला घेतली आहे, असेही सांगितले.

"मग दार अडकलं होतं ते लिहा," ती म्हणाली. "आणि हाक मारली नाहीत, तेही लिहा."

दोन्ही लिहिले आहे. कोणते आधी लिहायचे, ते मात्र मी ठरवले.